पेज, लीरॉय रॉबर्ट ‘सॅचेल’

(७ जुलै १९०६–८ जून १९८२). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विख्यात कृष्णवर्णीय बेसबॉलपटू आणि ‘नीग्रो लीग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धासंघटनांतील सर्वांत गाजलेला पिचर. ‘सॅचेल पेज’ या नावानेच तो सर्वत्र परिचित आहे. वर्णभेदामुळे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याला देशातील प्रमुख लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही. त्यामुळे त्याच्या ऐन उमेदीच्या काळातील खेळाची पद्धतशीर नोंद झाली नाही व त्याची कीर्ती मुख्यतः प्रेक्षकांच्या आणि सहखेळाडूंच्या आठवणींवर टिकून राहिली. त्याच्या चरित्राचे महत्त्व केवळ क्रीडाकौशल्यापुरते मर्यादित नाही; एखाद्या समाजाला नोंदीतूनच वगळले, तर त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप पुढे कोणी व कसे करावयाचे, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो.

बेसबॉलमधील पिचरचे स्थान : बेसबॉलमध्ये पिचरचे कार्य क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असले, तरी त्याच्यावरील भार अधिक असतो. तो मैदानाच्या मध्यभागी असलेल्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून १८·४४ मी. अंतरावरील होम प्लेटच्या दिशेने चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही; तो हवेतूनच फलंदाजाकडे जातो. षटकागणिक गोलंदाज बदलण्याची पद्धत या खेळात नाही, त्यामुळे एकच पिचर अनेक डाव, प्रसंगी संपूर्ण नऊ डाव, सलग चेंडू टाकतो. होम प्लेटवरून फलंदाजाच्या गुडघा व छाती यांच्या दरम्यान जाणारा चेंडू त्याने सोडला किंवा कोणताही चेंडू मारताना तो चुकला, तर ‘स्ट्राइक’ होते आणि तीन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज बाद होतो. या कक्षेबाहेरचे चार चेंडू पडल्यास फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. वेग व अचूकता हे दोन्ही गुण एकाच पिचरमध्ये क्वचितच आढळतात. पेजच्या ठिकाणी ते दोन्ही होते आणि ते त्याने सु. चाळीस वर्षे टिकविले [→ बेसबॉल].

पूर्वायुष्य : त्याचा जन्म ॲलाबॅमा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी एका गरीब व मोठ्या कुटुंबात झाला. वडील माळीकाम करीत, तर आई लोकांचे कपडे धूत असे. मूळ कुटुंबनामाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराची भर घालून कुटुंबाने पुढे ते बदलले. बालपणी तो रेल्वेस्थानकावर उतारूंच्या पेट्या व पिशव्या वाहून नेई. एका काठीला अनेक पिशव्या अडकवून एकाच खेपेत अधिक पैसे मिळविण्याची युक्ती त्याने काढली होती व त्यावरून त्याला ‘सॅचेल’ (पिशवी) हे नाव पडले, असे तो सांगे. पिशवी चोरताना सापडल्यामुळे ते नाव पडले, असे त्याच्या एका बालमित्राचे म्हणणे होते. शाळा चुकविणे व किरकोळ चोरी या कारणांवरून १९१८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याची रवानगी माउंट मेग्झ येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे त्याने सु. साडेपाच वर्षे काढली. तेथील प्रशिक्षक एडवर्ड बर्ड याने त्याला पिचिंगचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. चेंडू फेकण्यापूर्वी डावा पाय खूप उंच उचलून फलंदाजाची दृष्टी झाकण्याची त्याची प्रसिद्ध लकब याच काळातील होय. सुधारगृहात गेलो नसतो तर मोठा पिचर झालो नसतो, असे तो पुढे म्हणत असे.

नीग्रो लीगची पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कृष्णवर्णीय खेळाडू गौरवर्णीयांच्या व्यावसायिक संघांतून खेळत होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा १८८४ मध्ये टोलीडो संघातून प्रमुख लीगमध्ये खेळला होता. १८८७ च्या सुमारास मात्र संघमालकांनी कृष्णवर्णीयांना करारबद्ध न करण्याचे धोरण अवलंबिले. यासंबंधी लेखी नियम कोठेही नव्हता. तथापि हा अलिखित संकेत १९४६ पर्यंत कसोशीने पाळला गेला. या परिस्थितीत कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ उभारले. स्वतः पिचर असलेल्या रूब फॉस्टरच्या पुढाकाराने १९२० मध्ये कॅन्झस सिटी येथे ‘नीग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. आर्थिक मंदीत ती १९३१ मध्ये मोडली. १९३३ मध्ये त्याच नावाची दुसरी व १९३७ मध्ये ‘नीग्रो अमेरिकन लीग’ ही संघटना अस्तित्वात आली. (‘नीग्रो’ हा शब्द आज त्याज्य मानला जातो, तो या संघटनांच्या ऐतिहासिक नावापुरताच वापरात आहे.) या संघांचा लीग सामन्यांवर निर्वाह होत नसे, म्हणून ते गावोगाव फिरून स्थानिक संघांशी सामने खेळत. अनेक गावांत त्यांना उपाहारगृहात प्रवेश नसे, हॉटेलात खोली मिळत नसे. कित्येकदा दिवसा मैदानावर आणि रात्री बसगाडीत असे दिवस काढावे लागत.

कारकीर्दीचा पूर्वार्ध : मोबीलमधील हौशी संघातून खेळल्यानंतर पेज १९२६ मध्ये चॅटनूगा येथील संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला. १९२७ पासून तो बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघात होता. १९३१ मध्ये गस ग्रीनली याने त्याला पिट्सबर्ग क्रॉफर्ड्झ या संघात घेतले. ग्रीनलीचा पैसा आकड्यांच्या बेकायदेशीर जुगारातून आलेला होता. तथापि त्यातूनच त्याने आपल्या संघासाठी १९३२ मध्ये स्वतंत्र क्रीडांगण बांधले आणि जॉश गिब्सन, जेम्स ‘कूल पापा’ बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, जूडी जॉन्सन असे नामांकित खेळाडू एकत्र आणले. ४ जुलै १९३४ रोजी होमस्टेड ग्रेज या बलाढ्य संघाविरुद्ध पेजने प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मिळू दिला नाही व १७ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले.

अधिक पैसा देणाऱ्या संघाकडे करार मोडून जाण्याबद्दल पेजवर टीका होत असे. १९३३ व १९३५ मध्ये तो नॉर्थ डकोटातील बिझमार्क या गावच्या संघातून खेळला. या संघात गौरवर्णीय व कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळत. प्रमुख लीगमधील वर्णबंदी उठण्याच्या बारा वर्षे आधी, १९३५ मध्ये, या मिश्र संघाने विचिटॉ येथील राष्ट्रीय निमव्यावसायिक स्पर्धा जिंकली, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहीयो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजधानीच्या संघासाठी पेज, गिब्सन व बेल यांना मोठी रक्कम देऊन नेण्यात आले. तेथे सशस्त्र सैनिकांच्या पहाऱ्यात त्यांना खेळावे लागले. संघाने अजिंक्यपद मिळविले. मात्र त्यामुळे क्रॉफर्ड्झ संघाची वाताहत झाली आणि पेजवर लीगने बंदी घातली. त्याच्या या वर्तनाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : ज्या बाजारात त्याच्या गुणांना खरी किंमत मिळाली असती, तो त्याला बंद होता, उरलेल्या बाजारात तो स्वतःची किंमत स्वतः ठरवीत असे.

१९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्याच्या उजव्या खांद्याला व हाताला गंभीर दुखापत झाली. चेंडू फेकणेही त्याला अशक्य झाले आणि त्याची कारकीर्द संपली, असे वैद्यकांचे मत पडले. कॅन्झस सिटी मॉनर्क्स या संघाचा मालक जे. एल्. विल्किन्सन याने मात्र केवळ त्याच्या नावाच्या आकर्षणावर त्याला संघाच्या दुय्यम, फिरत्या पथकात घेतले. १९३९ च्या हंगामात हात हळूहळू बरा झाला आणि पेज पुन्हा पूर्वीच्या जोमाने खेळू लागला. पूर्वी तो केवळ वेगावर विसंबून असे; दुखापतीनंतर त्याने वळणारे व संथ चेंडूही आत्मसात केले. १९४२ च्या नीग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मॉनर्क्सने होमस्टेड ग्रेजला ४–० असे हरविले. चारही अधिकृत सामन्यांत पेजने पिचिंग केले. त्यातील एका सामन्यात गिब्सनशीच गाठ पडावी म्हणून त्याने त्याच्या आधीच्या फलंदाजांना हेतुपुरस्सर तळ बहाल केले आणि नंतर गिब्सनला तीन चेंडूंत बाद केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात.

खेळाची वैशिष्ट्ये : पेज सु. १·९ मी. उंच, सडपातळ व लांब हातापायांचा होता. मैदानावर तो अत्यंत संथ गतीने चालत येई. त्यानंतर हातातून सुटणारा वेगवान चेंडू प्रेक्षकांना अधिकच विस्मयकारक वाटे. आपल्या चेंडूंना तो ‘बी बॉल’, ‘लाँग टॉम’ अशी गमतीदार नावे देई. चेंडू फेकण्याची क्रिया मध्येच क्षणभर थांबवून मग तो सोडणे हा त्याचा ‘हेझिटेशन पिच’ फलंदाजांना इतका चकवी, की १९४८ मध्ये अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी त्यास मनाई केली. त्याची अचूकता विलक्षण होती. सरावाच्या वेळी होम प्लेटऐवजी च्युइंगगमचा लहानसा कागद ठेवून तो त्यावरून चेंडू टाकी. प्रदर्शनीय सामन्यांत क्षेत्ररक्षकांना खाली बसवून एकट्याने फलंदाज बाद करण्याचा खेळही तो करून दाखवी. अशा प्रकारांमुळे त्याच्यावर विदूषकीपणाचा आरोप झाला. परंतु या करमणुकीमुळेच प्रेक्षक येत व दोन्ही संघांच्या खेळाडूंना पैसे मिळत. डिझी डीन, बॉब फेलर यांसारख्या गौरवर्णीय पिचरांच्या संघांशी हंगामाबाहेर झालेल्या सामन्यांत त्याने आपली बरोबरी वारंवार सिद्ध केली. ज्यांच्याविरुद्ध आपण खेळलो त्यांत पेज सर्वश्रेष्ठ, असा अभिप्राय जो डिमॅजिओ या ख्यातनाम फलंदाजाने दिला होता.

प्रमुख लीगमध्ये प्रवेश : १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघातून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि प्रमुख लीगमधील वर्णबंदी मोडली. रॉबिन्सन १९४५ मध्ये मॉनर्क्स संघात पेजचा सहखेळाडू होता. या ऐतिहासिक कार्यासाठी तरुण, महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या व संयमी खेळाडूची निवड व्हावी, हे संघचालकांच्या दृष्टीने स्वाभाविक होते. तथापि वीस वर्षे गौरवर्णीयांच्या संघांना पराभूत करून कृष्णवर्णीयांचे सामर्थ्य सिद्ध करणाऱ्या पेजला आपण मागे राहिल्याचे दुःख झाले व ते त्याने आत्मचरित्रात स्पष्टपणे नमूद केले आहे.

क्लीव्हलंड इंडियन्स संघाचा मालक बिल व्हेक याने ७ जुलै १९४८ रोजी, म्हणजे पेजच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्याला करारबद्ध केले. अमेरिकन लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय पिचर होय. (नॅशनल लीगमध्ये डॅन बँकहेडने १९४७ मध्ये पिचिंग केले होते.) वृद्ध खेळाडूला घेऊन व्हेक खेळाची प्रतिष्ठा घालवीत आहे, अशी टीका स्पोर्टिंग न्यूज  या वजनदार क्रीडापत्राच्या संपादकाने केली. पेजने उत्तर मैदानावर दिले. त्या अर्ध्या हंगामात त्याने सहा सामने जिंकले, एक गमावला व दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी केवळ २·४८ राहिली. २० ऑगस्टच्या रात्री क्लीव्हलंड येथे त्याने शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव न देता १–० असा विजय मिळवून दिला; त्या सामन्यास ७८,३८२ प्रेक्षक उपस्थित होते. हंगामाच्या अखेरीस क्लीव्हलंड व बॉस्टन रेड सॉक्स यांची बरोबरी झाली आणि एका निर्णायक सामन्यात क्लीव्हलंडने लीगचे अजिंक्यपद मिळविले. हे पाहता पेजच्या सहा विजयांचे मोल सहज कळते. पुढे क्लीव्हलंडने बॉस्टन ब्रेव्हजला हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. तीत पेज पाचव्या सामन्यात थोडा वेळ खेळला व वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला.

१९५१ ते १९५३ या काळात तो सेंट लूइस ब्राउन्स या दुर्बल संघात होता. १९५२ मध्ये त्याने बारा सामने जिंकले. १९५२ व १९५३ या दोन्ही वर्षी अमेरिकन लीगच्या निवडक (ऑल-स्टार) संघात त्याची निवड झाली. त्या वेळी त्याचे वय पंचेचाळीसच्या पुढे होते. त्यानंतर त्याने मायॅमी येथील दुय्यम लीगच्या संघातून व फिरत्या संघांतून खेळ चालू ठेवला. २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्झस सिटी ॲथ्लेटिक्सतर्फे त्याने बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डाव पिचिंग केले. त्यांत एकही धाव न देता फक्त एक यशस्वी फटका मारू दिला. प्रमुख लीगच्या सामन्यात खेळलेला सर्वांत वयोवृद्ध खेळाडू हा त्याचा विक्रम त्यातून प्रस्थापित झाला. मालकाने प्रसिद्धीसाठी मैदानाकडेला त्याच्यासाठी झुलती खुर्ची व परिचारिका ठेवली होती. परंतु खेळ मात्र प्रहसनाचा नव्हता. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्हज संघाने त्याला आपल्या नामावलीत घेतले. निवृत्तिवेतनास आवश्यक असलेली त्याची सेवा थोडक्यात अपुरी पडत होती, ती पूर्ण व्हावी हा त्यामागील हेतू होता. तारुण्यातील वीस वर्षे ज्या संघटनेने त्याला दाराबाहेर ठेवले, तिच्याच हिशोबात त्याची सेवा कमी भरली होती.

मानसन्मान : कूपर्झटाउन येथील बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या कीर्तिमंदिरात निवड होण्यासाठी प्रमुख लीगमधील किमान दहा हंगामांची अट होती. नीग्रो लीगमधील खेळाडू ती पूर्ण करणे शक्य नव्हते. १९६६ मध्ये टेड विल्यम्झ या श्रेष्ठ फलंदाजाने स्वतःच्या सन्मानप्रसंगी पेज व गिब्सन यांची नावे घेऊन हा अन्याय दूर करण्याचे आवाहन केले. १९७१ मध्ये विशेष समितीने प्रथम पेजची निवड केली. पण नीग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळे दालन राहील, असे आरंभी जाहीर झाले. वर्णभेदाची परंपरा सन्मानातही चालू ठेवण्याच्या या कल्पनेवर सर्वत्र टीका झाली, तेव्हा ती सोडून देण्यात आली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी त्याला इतरांच्या बरोबरीने पूर्ण सदस्यत्व देण्यात आले. १९७२ मध्ये गिब्सन व बक लेनर्ड यांची निवड झाली. २००६ मध्ये नीग्रो लीग व तत्पूर्वीच्या काळातील सतरा व्यक्तींना एकाच वेळी हा मान मिळाला. पेजचे आत्मचरित्र मेबी आय विल पिच फॉरएव्हर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. मिसूरी राज्यातील कॅन्झस सिटी येथे तो निधन पावला. याच शहरात १९९० मध्ये नीग्रो लीगच्या इतिहासाचे संग्रहालय स्थापन झाले.

मूल्यमापन : आपण सु. २,५०० सामने खेळलो व त्यांपैकी २,००० जिंकले, असा पेजचा दावा होता. प्रमुख लीगच्या जुन्या नोंदींत त्याच्या नावावर २८ विजय व ३१ पराभव एवढेच आढळत. पहिली संख्या पडताळता येत नाही, तर दुसरी खरी असूनही दिशाभूल करणारी आहे. कारण तिच्यात त्याची पहिली वीस वर्षे नाहीत. नीग्रो लीगच्या सामन्यांची माहिती मुख्यतः पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर  यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत येत असे व तीही खंडित असे. संशोधकांनी जुन्या अंकांतून गुणफलक गोळा करून ती अनेक वर्षांच्या परिश्रमाने जुळविली. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा असल्याचे जाहीर झाले, त्यांत सु. ३,४०० खेळाडूंचा समावेश होतो. मे २०२४ मध्ये या लीगमधील उपलब्ध आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले. परिणामी फलंदाजीच्या कारकीर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉबकडून जॉश गिब्सनकडे गेला. पेजच्या नोंदीतही भर पडली. तथापि लीगबाहेरील शेकडो सामने तिच्या कक्षेबाहेरच राहिले आणि त्याच्या कारकीर्दीचा मोठा भाग तेथेच घडला होता.

पेज हा नीग्रो लीगमधील निर्विवाद सर्वश्रेष्ठ पिचर होता, असेही म्हणता येत नाही. १९५२ मध्ये पिट्सबर्ग कुरिअर  या पत्राने घेतलेल्या जाणकारांच्या मतदानात ‘स्मोकी’ जो विल्यम्झ याला पेजपेक्षा एक मत अधिक मिळाले होते. विल्यम्झसारखे अनेक खेळाडू वर्णबंदी उठण्यापूर्वीच निवृत्त झाले होते व गौरवर्णीय प्रेक्षकांना ते जवळजवळ अज्ञात राहिले. शिवाय वर्णबंदी उठल्याने नीग्रो लीगचे प्रमुख खेळाडू व प्रेक्षक अल्पावधीत दुरावले. नॅशनल लीग १९४८ नंतर संपुष्टात आली आणि कृष्णवर्णीयांच्या मालकीचा एक मोठा व्यवसाय लयास गेला. पेजचे वैशिष्ट्य असे, की तो दोन्ही युगांत टिकून राहिला. तारुण्य सरल्यावरही जे सामर्थ्य त्याने बेचाळिसाव्या व सेहेचाळिसाव्या वर्षी प्रमुख लीगमध्ये दाखविले, त्यावरून त्याच्या पंचविशीतील खेळाविषयीच्या कथा केवळ अतिशयोक्ती नव्हत्या, याची खात्री पटते. नोंदीबाहेर राहिलेल्या त्याच्या समकालीनांच्या वतीने दिलेली ती एक प्रकारची साक्षच होय.